हक्कसोडीतून राहिलेली टेकडी

खडकी बाजारात कौशल्याबाई दरेकरांना घाई करताना कोणी पाहिलेलं नाही. समोरून बस सुटत असली तरी त्या धावत नाहीत. दुसरी येईल, म्हणतात. पुण्यात राहून पीएमटीबद्दल इतका विश्वास बाळगायला छाती लागते, आणि ती त्यांच्याकडे आहे.

नवरा काविळीनं गेला तेव्हा मुलगी नम्रता अजून शाळेतही जात नव्हती. बाई अनुकंपा तत्त्वावर दारूगोळा कारखान्यात लागल्या आणि थेट निवृत्त होऊनच बाहेर पडल्या. तिथं नव्या माणसाला आधी वागणं शिकवतात आणि मग काम. हातातली वस्तू आपटायची नाही, मोठ्यानं बोलून दुसऱ्याला दचकवायचं नाही, आणि डोकं फिरलेलं असेल त्या दिवशी पेटीला हात लावायचा नाही. कौशल्याबाईंनी हे सगळं घरी आणलं. भाजीवाला असो, सोसायटीचा चेअरमन असो की जावई असो, त्या आवाज चढवत नाहीत आणि मुद्दाही सोडत नाहीत. नम्रता हिंजवडीला कंपनीत आहे. ती म्हणते, आईशी भांडणं इम्पॉसिबल आहे. ती भांडतच नाही आणि शेवटी होतं तिच्याच मनासारखं.

बाईंचं माहेर हिवरदरे. शहराच्या टोकाला, टेकडीच्या कुशीत बसलेलं गाव. आता ते महापालिकेत आहे, म्हणजे कर शहराचा आणि रस्ता गावचा. वडील धोंडिबा ढमाले गेले तेव्हा मागं राहिली खालची काळी जमीन, तिच्यातली बारा महिने पाणी असलेली विहीर, आणि वर सगळी खडकाळ टेकडी. मुलं दोन: थोरला महिपती आणि धाकटी कौशल्या.

आपल्याकडे बाप गेला की बहिणीनं काय करायचं ते ठरलेलं आहे. तिनं हक्कसोड करायची. दिवस घालून झाले की भाऊ गाडी पाठवतो, निबंधकाच्या कचेरीत सही-अंगठा होतो, घरी पुरणपोळी होते, आणि बहीण नवं लुगडं नेसून परत जाते. एकर गेला आणि साडी आली, हा हिशेब कोणी बोलून दाखवत नाही. वाटा घेतला की माहेर तुटलं, असं आत्या सांगते, मावशी सांगते. आणि सांगणाऱ्या सगळ्यांनी आपापली साडी केव्हाच फाडलेली असते. कौशल्याबाईंनीही सही केली. त्या वेळी घरात खायची तोंडं दोन आणि पगार बेताचा. वाटा उपयोगी पडला असता. पण त्यांना भाऊ हवा होता.

त्या दिवशी महिपतीनं एक चूक केली, आणि तशी चूक फक्त शेतकऱ्याच्याच हातून होते. दस्त लिहिणाऱ्यानं विचारलं, टेकडीचा गटही घालू का यात? महिपती हसला. दगडावर कसला हक्क आणि कसली सोड, म्हणाला. जिथं नांगर चालत नाही ती त्याच्या लेखी जमीनच नव्हती. बहिणीनं काळी जमीन सोडली आणि टेकडीवर तिचं नाव तसंच राहिलं. ते पुढं कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

मग शहर आलं. शहर आलं की दगडाला भाव येतो.

महिपतीचा मुलगा दिग्विजय. पांढरे कपडे, गळ्यात जाड गोफ, हातात दोन फोन. व्यवसाय काय, ते विचारायचं नाही. पोरगा मनानं वाईट नव्हता, पण त्याला सगळं काल व्हायला हवं होतं. टेकडीवर महापालिकेचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण होतं, तिथं बांधकामाला परवानगी नव्हती. दिग्विजयच्या मते परवानगी ही मागाहून यायची गोष्ट होती. आधी जेसीबी लावायचा, सपाटी करायची, गुंठ्या-गुंठ्यानं विकायचं. घरं उभी राहिली की पाडायला कोण येतंय? शेजारच्या टेकडीवर हेच झालं होतं. त्यानं रस्त्याच्या कडेला फ्लेक्सही लावला होता, त्यावर कुठल्या तरी परदेशातल्या हिरव्या डोंगराचा फोटो. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशातली गत.

गिऱ्हाईकाच्या वकिलानं सातबारा काढला आणि घोडं तिथंच अडलं. महिपतीच्या नावाखाली आत्याचं नाव.

भाऊबीजेला ओवाळून झालं, करंज्या झाल्या, आणि दिग्विजयनं कागद पुढं केला.

"आत्या, एक सही. फॉर्मॅलिटी आहे फक्त, मागं राहून गेली होती."

वहिनीनं साडीही आणून ठेवली होती. या वेळी चांगली पैठणी होती, त्यावरूनच बाईंना अंदाज आला. त्यांनी कागद घेतला, घडी घातली, पिशवीत ठेवला आणि वाचून सांगते म्हणाल्या. दिग्विजय म्हणाला, त्यात वाचण्यासारखं काही नाही. मग वाचायला वेळही लागणार नाही, असं म्हणून बाईंनी साडी न घेता निरोप घेतला.

दुसऱ्या आठवड्यात त्या महापालिकेत गेल्या. टेकडीवर आरक्षण आहे म्हणतात, म्हणजे नेमकं काय आहे, हे विचारायला. या खिडकीवरून त्या खिडकीवर असं बरंच फिरून त्या भूसंपादन खात्यात शर्मिला मेश्राम यांच्या टेबलापाशी पोचल्या. मेश्राम मॅडम भंडाऱ्याकडच्या, पुण्यात नोकरीला येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. खुर्चीवर बसा म्हणणाऱ्या त्या इमारतीतल्या पहिल्याच. त्यांनी सांगितलं ते असं. टेकड्या राखायच्या तर नुसतं आरक्षण कागदावर ठेवून भागत नाही, जमीन मालकाकडून विकत घ्यावी लागते. या वर्षी अंदाजपत्रकात त्यासाठी रोख रक्कम ठेवलेली आहे, हिवरदऱ्याची टेकडी यादीत आहे, मोबदल्याची पत्रंही सातबाऱ्यावरच्या गावच्या पत्त्यावर गेली आहेत. पण सगळ्या मालकांची संमती मार्चअखेरच्या आत हवी. नाही आली तर ही रक्कम दुसरीकडे वळेल.

"दुसऱ्या टेकडीकडे?" बाईंनी विचारलं.

"टेकडीकडे वळली तर बरंच," मेश्राम मॅडम म्हणाल्या. "बहुधा उड्डाणपुलाकडे वळते."

पत्र गेलं होतं म्हणजे महिपतीला माहीत होतं. भाव दिग्विजयच्या स्वप्नांपेक्षा कमी होता, म्हणून पत्र देव्हाऱ्यामागं गेलं असणार. बाई जिना उतरून शिवाजी पुलावर आल्या आणि कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. सही नाकारली तर दिग्विजयची खरेदीखतं अडतील, पण जेसीबी अडणार नाही. तो खरेदीखत वाचत नाही. टेकडी खरोखर राहायची तर ती महापालिकेनं घ्यायला हवी, आणि त्यासाठी दादाची संमती हवी. दादाकडे ती मागायची म्हणजे माहेर पणाला लावायचं. पंचवीस वर्षांपूर्वी काळी जमीन देऊन त्यांनी हेच माहेर राखलं होतं.

टेकडीत एवढं काय होतं? कोणी विचारलं असतं तर बाईंना नीट सांगता आलं नसतं. लहानपणी शेरडं घेऊन त्या रोज वर जायच्या. पावसाळा सरता सरता सगळी टेकडी गुडघाभर गवतानं सोनेरी व्हायची, टिटवी डोक्यावरून ओरडत जायची, आणि खाली घरातून आईची हाक यायची. आयुष्यात नंतर कुठल्याही जागेनं त्यांना इतकं मोकळं ठेवलं नाही. त्यांना ती टेकडी हवी होती, आणि हवं ते हवं म्हणायला त्यांना वयाच्या साठीत तरी लाज वाटत नव्हती.

त्यांनी भावाला फोन करून साफ सांगितलं. हक्कसोड करणार नाही. महापालिकेला द्यायची तर आज सही करते.

महिपतीनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वाटा मागायलीस म्हण की सरळ. आमची बहीण शहरात जाऊन शानी झाली." आणि फोन ठेवला.

संक्रांतीला तिळगुळाचा फोन आला नाही. वहिनीनं फोन उचलला नाही. गावातल्या कोणाच्या लग्नाची पत्रिका सगळ्या भावकीत गेली, खडकीला आली नाही. नम्रता म्हणाली, "आई, लीगल नोटीस पाठवू या ना, सिंपल आहे." बाई म्हणाल्या, भावाला नोटीस पाठवण्याइतकी मी अजून गरीब झालेली नाही. पण त्या दिवशी पोळ्या लाटता लाटता त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं. पोळी करपली. ती त्यांनी स्वतःच खाल्ली.

फेब्रुवारीत त्यांनी जे केलं ते कुठल्याही वकिलाला सुचलं नसतं. त्यांनी बॅग भरली आणि माहेरपणाला गेल्या. बोलावणं नाही, निरोप नाही. दारात उभ्या राहून हाक मारली, "वहिनी, आले गं."

आता माहेरवाशिणीला दारातून परत कसं पाठवायचं? सगळी आळी बघत होती. वहिनीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, आणि तोंड वाकडं करून का होईना चहा ठेवला. महिपती परसात निघून गेला. दिग्विजय गाडी काढून बाहेर पडला तो जेवणवेळ टळून गेली तरी आला नाही. बाईंनी साडी बदलली आणि मेथी निवडायला बसल्या.

त्या राहिल्या. टेकडीचं नाव काढलं नाही, वाट्याचं काढलं नाही. वहिनीचा गुडघा दुखत होता, तो शेकला. भावाच्या आवडीची हुलग्याची पिठी केली. त्यानं न बोलता दोनदा वाढून घेतली. दिग्विजयनं एकदा वैतागून विचारलं, आत्या, कधीपर्यंत आहेस? बाई म्हणाल्या, माहेर आहे बाबा, बघू. त्या घरात सगळे पेटलेले होते आणि मधे ही बाई जपून पावलं टाकत होती. तिला तशा ठिकाणी वावरायची सवय होती.

महिपती रोज सकाळी विहिरीवर जायचा. एके दिवशी बाई त्याच्या मागोमाग निघाल्या. विहिरीपाशी न थांबता त्या पुढं टेकडी चढू लागल्या. महिपती खालून म्हणाला, या वयात वर कशापायी चाललीस, पडशील. त्या थांबल्या नाहीत. मग बहिणीला एकटीला कसं सोडायचं, म्हणून तो कुरकुरत मागं आला.

वर खडकावर दोघं दम खात बसले. गवत वाळून पिवळं पडलं होतं. समोर शेजारची टेकडी होती. होती म्हणायचं, कारण तिचा उभा काप काढलेला होता आणि लाल मातीवर पत्र्याची आणि सिमेंटची घरं दाटीनं उभी होती. तिच्या पायथ्याला चुलतभावाचं, बबनचं शेत. शेतात काही नव्हतं. विहिरीच्या कडेला निळा टँकर उभा होता.

"बबनच्या विहिरीला पाणी कधीपासून नाही रे?" बाईंनी विचारलं.

महिपतीला पाठ होतं. बबनला दोन उन्हाळे त्यानंच आपल्या विहिरीवरून पाइप टाकून पाणी दिलं होतं. "पलीकडं प्लॉट पाडले तवापासून," तो म्हणाला.

टेकडीवर पडणारा पाऊस गवत धरून ठेवतं, तो खडकाच्या भेगांतून हळूहळू उतरतो आणि पायथ्याच्या विहिरीत येतो. हे महिपतीला कोणी शिकवायची गरज नव्हती, त्याच्या बापानं झरा कुठून येतो ते बोट ठेवून दाखवलं होतं. पण पोरगं जेव्हा कोटीच्या गोष्टी करतं तेव्हा बापाच्या डोक्यात झरा कुठला राहायला. तो आपल्या विहिरीकडे बघत बसला. मग पलीकडच्या टँकरकडे. मग पुन्हा विहिरीकडे.

बाईंनी त्याला बघू दिलं. घाई केली नाही. मग त्या बोलल्या.

"दादा, खालचं शेत मी तुला साडीवर दिलं. त्याचं मला काही नाही, मी हसून दिलं. पण विहिरीशिवाय ते बबनच्या शेतासारखं होईल. आता मी तुला विहीर देतेय. ही तरी घे."

महिपतीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "दिग्या ऐकायचा न्हाय," तो म्हणाला.

"सातबाऱ्यावर दिग्या नाही. तू आहेस आणि मी आहे."

तो हसला नाही, पण त्याच्या खांद्यातला ताठा गेला. उतरताना त्यानं तिचा हात धरला. उतार निसरडा होता म्हणून धरला, असं तो म्हणाला असता.

घरात वादळ झालं. दिग्विजयनं बापाला विचारलं, तुम्हाला तुमच्या पोरापेक्षा बहीण जास्त का? महिपतीनं त्याला हाताला धरून बबनच्या विहिरीवर नेलं आणि वाकून तळ बघायला लावला. पोरगं बघून आलं ते रुसलेलंच होतं, पण दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरला. मार्च संपायच्या आत दोघं भावंडं मेश्राम मॅडमच्या टेबलापाशी जाऊन बसली. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, तेवढे थांबावं लागलंच. पण मोबदला जमा झाला. निम्मा महिपतीच्या खात्यात आणि निम्मा कौशल्याबाईंच्या.

गावाला वाटत होतं, एवढी भावावर जीव टाकणारी बाई, आपला निम्मा त्यालाच देऊन टाकील आणि जन्माचं नाव कमावील. वहिनीनं तसं सुचवूनही पाहिलं. कौशल्याबाईंनी पैसे घेतले, आपल्या नावावर बँकेत ठेवले, आणि गावात पेढे वाटले. हक्क एकदा सोडला तेवढा पुरे, असं त्या पेढा देताना ज्याला त्याला सांगत होत्या. माहेर तुटलं नाही. वाटा घेऊनही माहेर राहतं, हे त्या गावानं पहिल्यांदाच पाहिलं. त्यानंतर गावातल्या आणखी दोघी-तिघींनी हक्कसोडीचा कागद वाचायला मागितला, असं ऐकिवात आहे. भावांनी त्याबद्दल कौशल्याबाईंना काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मार्गशीर्षात एका संध्याकाळी महिपतीचा फोन आला. कुंपण झालंय, फाटक लावलंय, ये बघायला. बाई दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या बसनं गेल्या. दोघं पायवाटेनं वर निघाले, आणि पायथ्याच्या फाटकाशी रखवालदारानं हात आडवा केला. फाटक सातला उघडतं, म्हणाला. आत पाटी होती, आणि पुण्यातली पाटी असल्यामुळे तिच्यावर काय करू नये हे बरंच लिहिलेलं होतं.

महिपतीचा पारा चढला. "ए, माझ्या बापाची टेकडी हाय ही. मला येळ सांगतो व्हय?"

रखवालदार नवा होता, वाशीमकडचा. त्याला कोण बाप आणि कोण ढमाले काही ठाऊक नव्हतं. तो शांतपणे म्हणाला, बाबा, सगळ्यांना सातच.

"सगळ्यांना?" कौशल्याबाईंनी विचारलं. "काल कोणाला अडवलंस?"

काल एका नगरसेवकाची गाडी परत पाठवली, त्यानं सांगितलं. परवा एक जेसीबीवाला आला होता, चुकून आलो म्हणत होता. त्यालाही फिरवून लावलं.

बाईंच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की रखवालदार गोंधळला. त्या पदर सावरून कडेच्या दगडावर बसल्या. "बस दादा," म्हणाल्या. "आपल्यालाही अडवतो ना, मग टेकडी राहील."

महिपती थोडा वेळ उभाच राहिला. मग शेजारी बसला. हळूहळू नव्या सोसायट्यांमधली फिरायला येणारी माणसं जमू लागली. बूट, टोप्या, कानात वायरी. त्यांतल्या एका बाईनं या दोघांकडे पाहून प्रेमानं विचारलं, "काका, पहिल्यांदाच येताय का? वर फार छान आहे हं."

कौशल्याबाई हसू दाबून भावाकडे बघत होत्या. हा आता या बाईला बापापासून सगळा इतिहास ऐकवणार. महिपतीनं घसा साफ केला.

"मी इकायला निघालो व्हतो," तो म्हणाला. "हिनं ठेवली. ही माझी बहीण."

फिरायला आलेल्या बाईला त्यातलं किती कळलं कोण जाणे. कौशल्याबाईंना सगळं कळलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले, आणि तेवढ्यात फाटक उघडलं.